मे महिन्यातली माकडटोपी

मित्रांनो, मी एक जुनी माकडटोपी आहे. रंग तपकिरी, वर गोंडा. गोंडा आता अर्धाच उरला आहे. त्यामागे फार मोठी हकिगत नाही, उंदीर होता. माझ्या नावात माकड आहे याचंही मला वाईट वाटत नाही. माकडं मला घालत नाहीत, एवढा शहाणपणा त्यांच्यात आहे.

माझा जन्म दूर उत्तरेत, लोकरीच्या एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणी थंडीच्या गावांना गेल्या आणि मी मंचरच्या बाजारात आले. दुकानदाराने मला छत्र्यांच्या शेजारी टांगलं. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की मी पावसाळी वस्तू आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, अवसरी बुद्रुकच्या गेणूभाऊंनी मला मागितलं. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि त्यांचा विचार बदलायच्या आत मला कागदात गुंडाळलं.

त्याचं असं झालं. गावातले हौशीराम आणि त्यांच्या घरच्या साळुबाई मनालीला निघाले होते. आमच्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की नारळ आणि टोपी-टॉवेल देऊन वाटेला लावतात. पण गेणूभाऊ दूरदृष्टीचे. ते म्हणाले, "पांढरी टोपी बर्फात दिसायची न्हाई. मानूस हरवला तर हुडकायचा कसा?" म्हणून त्या मानाच्या जागी माझी नेमणूक झाली.

प्रवासाचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. हौशीरामांचा धाकटा भाऊ सोमाजी पौषात वारला. तापाचं निमित्त झालं. दोघांचं रान एकत्र. हौशीराम पिकाला पाणी धरायचे, सोमाजी माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जायचा. थोरल्याने कधी यार्ड पाहिलं नाही आणि धाकट्याने कधी खोरं धरलं नाही, असं लोक म्हणत.

भाऊ गेल्यावर हौशीराम रडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त सगळ्याला "बरं" म्हणायला लागले. जेवायला चला, बरं. विहिरीवरची मोटार जळाली, बरं. गाभण म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली, बरं. सोमाजी गेला, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. गावात ते सांगायची वेळच येत नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. साळुबाईंनी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. मग त्या म्हणाल्या, "ह्या मानसाला कुटंतरी हलवलं पायजे. न्हाईतर उभ्या उभ्या वाळायचा ह्यो."

देवळापुढे गेणूभाऊंनी मला हौशीरामांच्या डोक्यावर चढवलं आणि दोन्ही कान नीट झाकले.

"येताना बर्फाचा गोळा आना, राव!"

"बरं."

"आन् मनाली येईस्तवर टोपी काडू नका बरं का!"

"बरं."

पोरं हसली. हौशीरामांनी मला काढलं नाही. एसटीत शेजारचा माणूस वर्तमानपत्राने वारा घेत होता, खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता, आणि माझ्या आत घामाचा एक थेंब नाही. मी लोकरीची आहे, ऊब देणं हे माझं काम. पण त्या डोक्याला ऊबही लागत नव्हती आणि उकाडाही. दगडावर ठेवल्यासारखी मी बसून होते.

पुण्यात सहलवाल्यांच्या कचेरीपाशी उतरलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने निरोप सांगितला: तिकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला, सहल रद्द, पुढच्या हंगामात बघू.

साळुबाई बॅगेवर बसल्या. "आता वो?"

"बरं," हौशीराम म्हणाले.

"काय बरं? कपाळ! नारळ फुटला, गाव येशीपतुर आलं. आता माघारी गेलं तर म्हनतील, खेडचा घाट बघूनच भ्याली. मी न्हाई जायची."

साळुबाईंची भाची प्राची बिबवेवाडीला दोन खोल्यांत राहत होती. तिने दार उघडलं आणि मला पाहून दचकली. "आत्या, मामांना बरं न्हाई का?"

"मामाला समदं बरंच हाये, तेच तर दुखनं हाये. चार दिस सुट्टी काढ, पुणं दाखव आमाला."

अशी आमची मनालीची सहल पुण्यात सुरू झाली. पेशवे पार्कात हौशीरामांनी वाघाकडे पाहिलं. वाघाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पर्वतीवर चढलो आणि उतरलो. सारसबागेत भेळ झाली. साळुबाईंनी गाडीवरून लाल सरबत घातलेला बर्फाचा गोळा घेऊन त्यांच्या हातात दिला. "घ्या, बर्फ बघायचा व्हता ना? ही मनाली." गोळा हातात वितळत गेला, लाल ओघळ कोपरापर्यंत आला, सदऱ्यावर पडला. हौशीराम तसेच उभे. शेवटी हातात नुसती काडी राहिली. साळुबाईंनी पदराने हात पुसला आणि तोंड पलीकडे केलं. त्या दिवशी मग त्यांनी काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची पायात चपला घालत म्हणाली, "आत्या, कोथिंबीर संपली. गाडीवरनं घेऊन येते."

"घेऊन म्हंजी? इकत?"

"मग काय गॅलरीत पिकवू?"

"अगं, जल्मात कोथिंबीर इकत घेतली न्हाई मी! आपल्याकडची एखादी गाडी असंल यार्डात. एका जुडीला कोन न्हाई म्हनतंय?"

"पन मग गावाला कळंल की तुमी मनालीला न्हाई गेला."

साळुबाईंना क्षणभर विचार पडला. एका बाजूला घराण्याची अब्रू, दुसऱ्या बाजूला विकतची कोथिंबीर.

"कळू दे," त्या म्हणाल्या. "चला वो."

यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. हमालांची ओरड, गोण्या, चिखल. साळुबाईंनी नवऱ्याला एका चहाच्या टपरीवर बसवलं, "हितनं हलू नका" म्हणून बजावलं आणि पालेभाज्यांच्या गर्दीत शिरल्या. टपरीवाल्या अन्सारभाईंनी मला निरखून पाहिलं.

"पावनं, कान दुखतोय का?"

"न्हाई."

"मग नवस हाये? बरं, ऱ्हाऊ द्या. मी जुन्नरचा. तुमी कुटले?"

"अवसरी."

"खुर्द का बुद्रुक?"

"बुद्रुक."

"मग आमच्या सोमाजीभाऊच्या गावचे की!" अन्सारभाई खुलले. "नमुना मानूस, राव! माल उतरला की हितं येनार आन् दोन चहा सांगनार. येक माजा, म्हनायचा, आन् येक माज्या थोरल्या भावाचा, त्यो बिचारा रानात पानी धरत असंल. आन् दोनी कप सोताच प्यायचा! मी म्हनलं, अरे, भावाला कळू तरी दे. तर म्हनला, त्याला गोड कमी लागतं, म्हनून मी पितो." ते पोट धरून हसले. "लई दिस झाले, दिसला न्हाई. कुटं हाये त्यो?"

मित्रांनो, मी त्या डोक्यावरच होते. आत काहीतरी हललं.

"गेला," हौशीराम म्हणाले.

"कुटं?"

"गेला माजा सोमा. पौषात."

अन्सारभाईंनी किटली खाली ठेवली. मला आधी कपाळावर ओल लागली. मग कानशिलं तापली, मग सगळं डोकंच भिजलं. इतक्या दिवसांचा घाम एकदम आला. हौशीरामांनी मला गोंड्याला धरून खसकन ओढलं आणि हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिले.

"काय उकडतंय ह्ये! कुनी घातली ही मला?"

अन्सारभाईंनी दोन कप भरले आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले.

साळुबाई जुडी घेऊन आल्या तेव्हा नवरा बोडक्या डोक्याने दुसरा कप पीत होता आणि माझ्यात तोंड पुसत होता. रडणं मोठ्याने चाललं होतं, हमालसुद्धा वळून बघत होते.

"माज्या नावावर चहा ढोसायचा, साळू! आन् गोड कमी लागतं म्हनं मला! लबाड!"

"व्हय, व्हता खरा लबाड," म्हणत साळुबाई शेजारी टेकल्या.

मी त्यानंतर पुन्हा त्या डोक्यावर चढले नाही. काही वर्षं मी तापल्या पातेल्याला धरायला होते. सध्या मुक्काम माळ्यावर, जुन्या मोटारीच्या सुट्या भागांत. तक्रार नाही. टोपीची कदर बहुतेक ती डोक्यावर असताना होते. माझी मात्र उतरल्यावर झाली.

मित्रांनो, लोकरीचे कपडे ऊन दाखवून, डांबराची गोळी घालून ठेवावेत, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. मी एवढंच मागते: भर उन्हाळ्यात कुणी माझ्यासारखं काही पांघरून गप्प बसलेलं दिसलं, तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर जवळ बसा आणि त्याच्या माणसाची चौकशी करा. "कुटं हाये त्यो?" एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.