समोरचं दुकान काय देतं

"अक्का, त्यो तेलाचा पुडा ठिवा खाली. उगं उलटापालटा करू नगा, क्यामेऱ्यात दिसतंय. भाव मलाच इचारा की!"

मी दचकून मागे बघितलं, तर हरणाबाई! भरलंघरचा हिरवा एप्रन घालून डाळींच्या रॅकपाशी हसत उभी होती.

मी चंदनबाला पाटील. रस्त्यापलीकडच्या बचतपेठेत कामाला. सांगलीच्या विश्रामबागेत ही दोन्ही दुकानं समोरासमोर आहेत. दोन्ही कंपन्या मोठ्या, गावोगाव शाखा असलेल्या, आणि दोघींचं वैर सख्ख्या सवतींसारखं. रोज संध्याकाळी आमचे मॅनेजर मानसिंग मला सांगायचे, "काकू, जरा गिऱ्हाईक होऊन या." मग मी एप्रन काढायचा, हातात कापडी पिशवी घ्यायची आणि रस्ता ओलांडायचा. तेल, साखर, तूरडाळ, पोहे, सगळ्यांचे भाव डोक्यात घालून परत यायचं. तासाभरात आमच्याकडे तेच भाव लागायचे. दुपारी हरणाबाई याच कामासाठी आमच्याकडे यायची. दोन्हीकडच्या माणसांना सगळं ठाऊक, पण ओळख कोणी दाखवायची नाही. आहे की नाही पोरखेळ! पन्नाशीच्या बायका आम्ही, आणि लपाछपी खेळतोय.

पण त्या दिवशी हरणाबाईनं ओळख दाखवलीच. "चला, माझी जेवायची सुटी झालीया. घटकाभर बसा."

"आता जेवायची सुटी? उन्हं आहेत अजून."

"मग? जेवायला अंधार कशाला पायजे?"

गोदामाच्या दारापाशी बाक होता. तिथं दोघी-तिघी डबे उघडून बसल्या होत्या. हरणाबाई माणमधली, दहिवडीकडची. नवरा मुंबईत. 'माहेरात मेंढरं वळली, आता गिऱ्हाईकं वळतीया,' असं स्वतःच सांगते. तिनं भाकरीवर खर्डा घेतला आणि मला अख्खा हिशोब सांगून टाकला. "पगार तुमच्यापरीस कमी हाय बगा. दिवाळीला निस्ता मिठाईचा पुडा. पर बसायला स्टूल हाय. आन् सात वाजता गर्दी हुती म्हणून त्येच्या आदी आळीपाळीनं जेवून घ्यायचं. जेवलेली बाई गल्ल्यावर लवकर हात चालवती, आसं आमचा सायेब म्हणतो."

खरं सांगते, त्या बाईचा मला हेवा वाटला.

कारण मी दिवस मावळल्यावर जेवत नाही. आमच्या जैनांच्यात पुष्कळजण पाळतात. मी तर चार वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्या साध्वी माताजींसमोर हात जोडून जन्मभराचा नियम घेतलाय. तेव्हा मी सकाळपाळीला होते, काही अडत नव्हतं. समोर भरलंघर आलं आणि आमच्या कंपनीचं धाबं दणाणलं. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहायला लागलं, जुन्या बायकांना संध्याकाळची पाळी आली आणि सुटी ठरली साडेसातला. साडेसातला सगळ्याजणी डबे उघडायच्या, आणि मी पाण्याचा घोट घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. आमची राणी, गल्ल्यावरची सगळ्यात लहान पोरगी, तिला घास गिळवायचा नाही. "काकू, तुमी आशा बसला की मला चोरी केल्यागत वाटतंय," म्हणायची.

भरलंघरमधून मी परत आले. मानसिंग संगणकासमोर बसले होते. पोरसवदा माणूस, कराडकडचा. स्वभावानं वाईट नाही, पण डोक्यावर वरच्यांच्या फोनची टांगती तलवार.

"बोला काकू, तेल?"

"दोन रुपयांनी कमी."

"साखर?"

"आपल्याएवढीच. पोहे एक रुपयानं जास्त. आणि बायकांना उन्हं असताना जेवायची सुटी."

त्यांची बोटं थांबली. "ते कुठं विचारलं मी?"

"समोरचं दुकान देतं ते आपण द्यायचंच, असं तुम्हीच रोज सांगता. तेलाला एक न्याय आणि तेल विकणाऱ्या बाईला दुसरा?"

मानसिंग हसले. मला वाटलं, हसला म्हणजे फसला! पण नाही. "काकू, वेळा वरनं ठरतात. एकीला दिली की सगळ्या मागतील."

"मागू देत की. सगळ्यांनाच पोट आहे."

"आवं, पण एखाद्या दिवशी रात्री खाल्लं तर काय बिघडतंय? कोण बघतंय?"

हे मात्र मला झोंबलं. नऊ वर्षं मी त्या दुकानात काढली. कोण बघतंय म्हणून कधी काजूचा तुकडा तोंडात टाकला नाही. आणि हा मला शिकवतोय, कोण बघतंय! "मीच बघते," म्हटलं, आणि बाहेर आले. रागाच्या भरात पुढच्या गिऱ्हाईकाची पिशवी दोनदा खाली पाडली.

घरी गेल्यावर जिनदत्तना, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, या वयात कुठं नवी नोकरी? पगार कमी, तिथं ओळखपाळख नाही, गप पड.

पण हे म्हणाले, "मी रोज दिवसाउजेडी जेवून बसतो आणि तू रात्री उपाशी येऊन आडवी होतीस. मला काय गोड लागतंय व्हय ते जेवण? जा तू समोर. थोडं कमी खाऊ, पण वेळेवर खाऊ."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस इतकं सलग बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला रडूच आलं.

महिना संपताच मी रस्ता ओलांडला, आणि या वेळी गिऱ्हाईक होऊन नाही. हिरवा एप्रन मला मेला अजिबात शोभत नाही, पण स्टूल मिळालं. पहिल्या दिवशी उन्हं असताना बाकावर बसले, डबा उघडला आणि पहिला घास घेताना डोळे मिटले. हरणाबाई म्हणाली, "काय वं अक्का, पुजा मांडली का काय?" मी म्हटलं, "तसंच समज."

सुख मात्र निर्भेळ नव्हतं. काचेतून बचतपेठेचा गल्ला दिसायचा. राणी, सगळ्याजणी तिथं उभ्या. त्या माझ्या माणसांना तशाच उभ्या सोडून मी इकडे बसलेय, हे टोचायचं.

दिवाळी सरल्यावरची गोष्ट. हरणाबाई धावत आली. "अक्का, तुमचा जुना सायेब आलाय! गिऱ्हाईक हून! टोपी काय घातलीया, मास्क काय लावलाय!"

पोह्यांच्या रॅकपाशी मानसिंग उभे होते. हातात बायकांची फुलाफुलांची पिशवी. मी जवळ जाऊन म्हटलं, "पोहे आज एक रुपयानं उतरलेत. लिहून घ्या."

बिचारा लाजला. मास्क हनुवटीवर ओढला.

"राणीला नाही पाठवलं?"

"राणी जेवायला बसलीय," मानसिंग म्हणाले.

"आत्ता?"

"तुम्ही गेल्यावर तिघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सुटी द्या, नाहीतर आमीबी काकूंच्या मागनं जातो. मी वर फोन लावला. म्हटलं, समोरचं दुकान देतं ते आपण द्यायचंच. दुसऱ्या दिवशी होकार आला."

माझंच वाक्य, शब्दाला शब्द! असा राग आला की टोपी ओढून काढावी, आणि राणी आता जेवतेय म्हणून आनंदही इतका झाला की काय सांगू. "मी तेच सांगत होते तेव्हा."

"सांगत होता," ते खाली बघून म्हणाले. "ते रात्रीच्या खाण्याचं बोललो, ते बोलायला नको होतं मी. काकू, परत येता?"

"नाही. इथं बरं आहे माझं."

मानसिंगनी मान हलवली. तोंड पार उतरलेलं होतं, ओठ सुकलेले. मला राहवलं नाही. "तुम्ही जेवलात का?"

"सुट्या बायकांच्या आहेत. मॅनेजरच्या जागी उभं कोण राहणार? सकाळी वडापाव खाल्लाय."

मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "चला."

"काकू, नको. तुमच्या साहेबांनी बघितलं तर?"

"तेपण असंच उपाशी कुठंतरी भाव बघत असतील. चला म्हणते ना!"

बाकावर हरणाबाईनं सरकून जागा केली. ताटलीत भाकरी ठेवली, वर खर्डा. मी माझ्या डब्यातली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. गोदामाच्या दारात अजून ऊन होतं. मानसिंगनी गळ्यातलं बचतपेठेचं ओळखपत्र शर्टाच्या आत सरकवलं आणि हळूच विचारलं, "हात धुवायला नळ कुठं आहे?"