श्रीमंतच्या नावावरचं तोंड

धुळाप्पाला आपण मेल्याची बातमी नवी पेठेच्या तोंडाशी, रिक्षात बसल्या बसल्या कळली.

चौकात भलामोठा फ्लेक्स लटकत होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. जिल्ह्याचे लाडके हास्यसम्राट कै. श्रीमंतराव.’ आणि त्या नावाच्या वर धुळाप्पाचं तोंड. पावडर फासलेलं, काजळाच्या मिशा काढलेलं, पुढचा एक दात काळा केलेलं. डोक्यावर टोकदार टोपी आणि गळ्यात छापील हार.

“कुमार, गाडी थांबीव!”

रिक्षा पोराचीच होती, पण पोरगं थांबलं नाही. “हितं कुटं थांबू आप्पा? पोलीस पावती फाडतोय की.”

“आरं, तो फोटो माझा हाय!”

कुमारने मान बाहेर काढून वर बघितलं. फोटोकडे बघितलं, मग आरशातून बापाच्या बोळक्या तोंडाकडे आणि जाड भिंगाच्या चष्म्याकडे बघितलं. “व्हय? तुमचा हाय?” म्हणाला आणि त्याने हॉर्न दाबला. पोटच्या पोरालाही खात्री पटत नव्हती, तिथे फ्लेक्स छापणाऱ्याला काय नावं ठेवायची!

तशी चूक छापणाऱ्याचीही नव्हती. ‘श्रीमंत आणि मंडळी’ ही पार्टी मोडनिंबच्या श्रीमंतची. टेम्पोही त्याचा, तंबूही त्याचा. गावोगावच्या जत्रेत दोघं मिळून विनोदी खेळ करायचे. श्रीमंत कोट घालून शेठ व्हायचा आणि धुळाप्पा त्याचा वेंधळा गडी. जाहिरातीच्या कागदावर तोंड छापायचं ते गड्याचं, कारण जत्रेतली माणसं वाचून येत नाहीत, तोंड बघून येतात. नाव छापायचं ते मालकाचं. सगळ्याच पार्ट्यांची तेव्हा हीच रीत होती. त्यात धुळाप्पाचा बाप बिरुदेवाच्या ओव्या म्हणणारा, कडक माणूस. खेळाच्या कागदावर आपल्या घराचं नाव दिसलं तर उंबरा चढू देणार नाही, असं त्याने बजावलेलं. म्हणून धुळाप्पानेच श्रीमंतला सांगितलं होतं, तोंड टाक, नाव नको. पावडरीखालचं तोंड बाप कशाला ओळखतोय!

बापाने ओळखलं नाही. पुढे कुणीच ओळखलं नाही. हशा धुळाप्पाने पिकवायचा आणि तो जमा व्हायचा श्रीमंतच्या नावावर. एकदा जेऊरच्या जत्रेत कुणी बडा पाहुणा खेळ संपल्यावर वर चढला, “वा श्रीमंतराव, पोट दुखलं राव हसून” म्हणाला आणि हार घातला तो कोटवाल्याला. धुळाप्पा मागे खेळातला तांब्या धरून उभा. त्या रात्री त्याच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. तंबूत सगळ्यांच्या देखत तो श्रीमंतला म्हणाला, “तू नुसता लाकडाचा ठोकळा हायस. उभा ऱ्हातोस आणि माझं खातोस. तुझ्याबिगर माझं काय अडत न्हाय.” श्रीमंत काहीच बोलला नाही. खेळातही तो फारसा बोलायचा नाहीच.

त्यानंतर धुळाप्पाने एकट्याने काही जत्रा केल्या. माणसं हसली नाहीत. तो घरी येऊन म्हणायचा, लोकांच्या हातात मोबाईल आले, आता कोण हसतंय! मग एका चादरीच्या कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसला आणि तिथेच म्हातारा झाला. श्रीमंत गेल्याचं कळलं तेव्हा मोडनिंबला माती द्यायलाही तो गेला नाही. पण आज शोकसभेत साथीदार म्हणून बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हा धुतलेला सदरा घालून निघाला. आज माईक हातात येणार होता. हसवणारा कोण होता, हे एकदाचं सांगून टाकायचं, मग मरायला मोकळे.

सभा कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर तोच फोटो, इथे हार खऱ्या झेंडूचा. सभा भरवणारे आबासाहेब दारातच भेटले. प्रभागातलं एकही लग्न न चुकवणारा हा माणूस, मयतही चुकवत नाही.

“आबासाहेब, एक चूक झाली हाय बघा. तो फोटो माझा हाय.”

आबासाहेब खो खो हसले. “मामा, तुमी बी इनोदी हाय की! ते माईकवर सांगा, लोकांना आवडंल.” आणि पाठीवर थाप मारून पुढच्या पाहुण्याकडे वळले.

धुळाप्पा जाऊन खुर्चीवर बसला. पुढच्या रांगेत, बायकांच्या बाजूला श्रीमंतची बायको बजाबाई बसली होती. तिने एकदा वळून त्याच्याकडे बघितलं, नमस्कार केला नाही.

गेलेल्या माणसाची आठवण काढायला जमलेली मंडळी चहा यायच्या आत भांडायला लागली. कोण सगळ्यात मोठा हसवणारा, यावर. खालच्या कापड दुकानाचा मालक सयाजी माईक सोडायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, मुंबईच्या सगळ्या नटांना एका पारड्यात घाला, श्रीमंतराव जड भरतील. मोबाईलवर गमतीचे व्हिडिओ टाकणारा इंद्रजीत नावाचा तरणा गडी उठला आणि म्हणाला, टीव्हीवरच्यांची सर जत्रेतल्यांना कुठली! त्यावर सयाजी उखडला. “टीव्हीवर मागून हसण्याची टेप लावत्यात. श्रीमंतरावांना टेप लागली न्हाय कधी!” तिसऱ्याने अक्कलकोटकडचा शरणबसव काढला, जो कानडीत रडायचा आणि मराठीत हसायचा, तोही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मग शरणबसव मोठा की श्रीमंत, यावर निम्मा हॉल इकडे, निम्मा तिकडे. मेलेल्या माणसांची अशी कुस्ती लावायला आपल्या लोकांना फार आवडतं. जिवंत असताना दोघांनाही कुणी चहा पाजला नसेल.

“चला, शरणबसवला मान देतो,” सयाजी शेवटी म्हणाला. “पण त्याला जोडीदार तरी बरा हुता. आमच्या श्रीमंतरावांच्या वाटणीला काय आलं? तो कोटवाला. काय त्याचं नाव, धुळाप्पा. नुसता ठोकळा! तसल्या ठोकळ्याला घिऊन या माणसानं आख्खा जिल्हा हसवला.”

हॉल हसला. धुळाप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. कोटवाला ठोकळा तो श्रीमंत, आणि हसवणारा तो मी; हे लोक तोंड माझं मिरवतात आणि शिवी माझ्याच नावाला देतात! आपण श्रीमंतला घातलेली शिवी फिरून आपल्याच माथी बसली, हे मात्र त्या रागात त्याच्या ध्यानात आलं नाही. बजाबाई खाली मान घालून बसली होती. तिच्या नवऱ्याचं नाव आभाळाला लावत होते आणि नवऱ्याला चुलीत घालत होते, आणि तिला दोन्ही ऐकावं लागत होतं.

आबासाहेबांनी नाव पुकारलं तेव्हा धुळाप्पा ताडकन उठला. माईक धरला. “मंडळी, तुमी चुकताय. कोटवाला श्रीमंत हुता. गडी मी हुतो. हा फोटो माझा हाय.”

सगळे हसले. इंद्रजीतने मोबाईल वर धरला. “दाखवा की मग करून!” मागून कुणी ओरडलं.

“दाखवतो की,” धुळाप्पा म्हणाला. “पाण्याचा तांब्या आणा.”

तांब्याभर पाण्याची आंघोळ हा त्या दोघांचा सगळ्यात गाजलेला खेळ. नळाला पाणी कधी येईल हे एकमेकांना विचारत जगणाऱ्या या जिल्ह्यात तो कधी पडलाच नाही. शेठ गड्याला एकच तांब्या पाणी देतो. गडी त्यात आंघोळ करतो, मग म्हणतो, धोतर धुतलं. मग म्हणतो, म्हस धुतली. मग पाहुण्यांना पाजलं. असं करत करत शेवटी तांब्या भरलेलाच शेठच्या हातात आणून ठेवतो. शेठला एवढ्या सगळ्या खेळात एकच शब्द होता. गड्याचं सांगून झालं की तो म्हणायचा, “मग?”

धुळाप्पाने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, तांब्या उचलला आणि खेळ धरला. पाय तसेच वाकडे पडले, डोळे तसेच फिरले. अंग काहीच विसरलं नव्हतं. पायावर थेंब टाकून तो म्हणाला, “शेठ, आंघोळ झाली.” आणि थांबला.

समोरून काहीच आलं नाही.

तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. हॉलमध्ये कुणी खोकलं, खुर्ची सरकली. घाबरून त्याने पुढचं वाक्य घेतलं. “शेठ, धोतर बी धुतलं.” पुन्हा तीच पोकळी. सयाजीला खेळ पाठ होता, त्याने खालून मदतीला म्हणून हाळी दिली, “मग?” पण ती धुळाप्पाच्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळली आणि म्हस मध्येच राहिली. दोघंचौघं हसले ते सयाजीला. पुढचं सगळं धुळाप्पाने भराभर उरकलं, ओझं टाकावं तसं, आणि शेवटी तांब्या घेऊन वळला, तर तो हातात घ्यायला समोर कुणी नव्हतं. त्याने तो टेबलावर ठेवला.

श्रीमंत थांबायचा. तंबूत कधी कधी इतका थांबायचा की धुळाप्पा मनात शिव्या द्यायचा, विसरला वाटतं रेडा! आणि तेवढ्यात मागे कुठेतरी, बायकांत, पहिलं खुदकन व्हायचं. ते पुढे सरकत यायचं. अगदी पुढच्या बैठकीपर्यंत आलं की श्रीमंत दगडासारखं तोंड करून म्हणायचा, “मग?” आणि तंबू फुटायचा. इतकी वर्षं हे रोज कानाशी घडत होतं आणि धुळाप्पाने एकदाही ऐकलं नव्हतं.

आबासाहेबांनी टाळी वाजवली, म्हणून बाकीच्यांनी वाजवली. “मामांनी प्रयत्न चांगला केला. पण शेवटी श्रीमंतराव ते श्रीमंतराव!”

धुळाप्पा खाली उतरला. आपल्या खुर्चीपर्यंत न जाता तो बजाबाईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरच टेकला.

“काय भाऊजी,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “ठोकळा न्हवता म्हणून अडलं व्हय?”

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“हे जेवताना घास हातात धरून बसायचे. मी म्हणायची, जेवा की. तर म्हणायचे, आज लवकर बोललो गं, धुळाप्पाचा हशा कापला. उद्या आणखी जरा थांबतो. खेळ झाला की रोज हेच. तुमचं कौतुक ऐकून माझे कान किटले हुते.” तिने पदराने तोंड पुसलं, रडत नव्हती, चिडली होती. “तुमी सोडून गेल्यावर लई जण आले, जोडी करू म्हणून. एकाला बी हो म्हणाले न्हाईत. म्हणाले, मला कुटं हसवता येतंय? मला धुळाप्पासाठी थांबता येतंय, तेवढंच. आणि थांबलेच की. तुमी या म्हणून. तुमी मातीला बी आला न्हाईत.”

“वहिनी, तो थांबलाय हे मला कुणी सांगितलं न्हाय...”

“तुमी कवा इचारलं?”

लोक फुलं वाहायला रांगेत उभे राहिले होते. आबासाहेब मधूनच वाट काढत आले. आता त्यांना शंका आली असावी. धुळाप्पाच्या कानाशी वाकून ते हळू म्हणाले, “मामा, मघाशी फोटोचं म्हणत हुता. खरंच काय चूक झाली असंल तर सांगा. पेपरात बी हाच द्यायचाय. उद्या बोंब नको.”

बजाबाई समोर बघत होती. धुळाप्पाने तिच्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “काय चूक न्हाय. हसवणारा गेला, ते बरोबर हाय.”

“मग या की रांगेत,” आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात एक झेंडू दिला.