सत्तेचाळीस वेळा

दिवसभर मी दुसऱ्यांच्या मशिनींचे प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे घरी येऊन पुन्हा तेच करायची हौस मला असायचं कारण नाही. पण बाबांच्या खोलीला घंटा हवी होती, आणि दुकानातून एक आणून लावावी नि मोकळं व्हावं एवढं शहाणपण माझ्यात नाही. ड्रॉवरमध्ये वालाच्या दाण्याएवढी, आठ पायांची मायक्रोकंट्रोलर चिप पडली होती. बाहेरून काही जोडायचं नाही, हिच्या पोटात आहे तेवढ्यावर काय काय जमतं ते बघायचं, असं ठरवलं.

पोटात बरंच काही निघालं. एका टायमरमधून सूर काढता आले. मी दारावरच्या बेलचे दोन सूर बसवले, डिंग-डाँग. दुसरा टायमर तास मोजायला लावला. शिवाय वीज गेली तरी न विसरणारी छोटीशी मेमरी होती, एकशे अठ्ठावीस कप्प्यांची. दर तीन तासांना एक कप्पा दिला तर दोन आठवडे आरामात मावतात. बटण किती वेळा दाबलं ते ज्या त्या कप्प्यात जमा होणार. बटण बाबांच्या पलंगाशी लावलं, आणि बाकीचा बोर्ड आणि स्पीकर किचनमध्ये.

हा नुसता प्रयोग नव्हता, हे कबूल करते. माझे वडील, डॉक्टर जनार्दन, शहाऐंशी वर्षांचे आहेत. इथे ओंटारिओतल्या लंडनमध्ये चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढली, आणि आई गेल्यावर मिल्टनला माझ्याकडे आले. घरात आम्ही दोघंच. आठवड्यातले तीन दिवस मला टोरांटोला ऑफिसला जावं लागतं, सकाळी सातला बाहेर आणि रात्री सातला घरात. बाकी दिवस घरून काम. सकाळी तासभर एक बाई त्यांची अंघोळ उरकून जाते. अशी तीन वर्षं झाली. मी थकले आहे. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

केअर होमच्या वेटिंग लिस्टसाठी कोऑर्डिनेटर बाई उद्या येणार होती. तिने आधीच पाठवलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: किती वेळा मदत मागतात? आकडा मोठा असला तर नाव वर जातं. मला मोठा आकडा हवा होता, म्हणजे बापाला होममध्ये मी पाठवलं असं झालं नसतं, आकड्याने पाठवलं असतं. पण दोन आठवड्यांत मी घरात असताना घंटा एकदाही वाजली नव्हती. शून्यच निघणार, असं धरून मी संध्याकाळी चिप काढली आणि लॅपटॉपला जोडली.

सत्तेचाळीस.

सुटले, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. मग कप्पे पाहिले. मी घरी होते त्या दिवसांचे सगळे शून्य. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस माझ्या ऑफिसच्या सहा दिवसांतले, तेही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून प्रोग्रॅम दोनदा तपासला. चूक सापडली नाही.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, पुढच्या ड्राइव्हवेतला बर्फ बघत. विचारलं, "बाबा, मी नसताना तुम्ही घंटा दाबता?"

"दाबतो की. बिघडली का?"

"अहो, पण घरात ऐकायला कोण असतं? हेल्प लागली तर मला फोन करायचा, ठरलंय ना आपलं?"

"तू मीटिंगमध्ये असतेस. आणि लागत काही नसतं."

"आणि मी घरी असते तेव्हा? एकदाही दाबली नाहीत."

"तेव्हा कशाला? दमलेली असतेस. धावत येशील." मग म्हणाले, "तू आवाज छान काढलायस. दारावर कुणी आल्यासारखं वाटतं. मी 'कोण आहे' म्हणतो. दिवसभरात तेवढंच बोलणं होतं."

मी फॉर्मचं सांगितलं, आकडाही सांगितला. म्हटलं, "हा आकडा लिहिता येणार नाही बाबा. हे काही मदत मागणं नाही."

"मग काय आहे?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, डॉक्टर पेशंटला विचारतो तसं.

मला रडू आलं, तेही त्यांच्यासमोर.

"लिही," ते म्हणाले. "तिथे होममध्ये घंटा दाबली की कुणीतरी येतं. उशिरा येतं, वैतागलेलं असतं, पण येतं. हॉस्पिटलात चाळीस वर्षं मीच जात होतो."

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात सत्तेचाळीस लिहिलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि मान हलवली.

नंबर लागायला किती महिने जातील कोण जाणे, तोवर घंटा लागणारच होती. किचनमध्ये जाऊन मी चिप परत बसवली, आणि चालते का ते बघायला बोर्डावरच्या बटणाच्या दोन तारा बोटाने एकमेकींना टेकवल्या. डिंग-डाँग.

"कोण आहे?" आतून बाबांचा आवाज आला, सवयीने.

"मी आहे, बाबा," म्हटलं, आणि त्यांच्या खोलीत गेले.