रुमालबाबांचं भाकीत

भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या दारात माणसं दाटीवाटीने उभी होती. आत रुमालबाबा खाटेखाटेपाशी थांबत होते. ओला रुमाल रोग्याच्या हातांवरून फिरवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "इथे सावली येणार." दोन-चार दिवसांत त्या माणसाला जुलाब लागायचेच. चार खाटांवर खरं ठरलं. त्यातले दोघे गेले.

"बाबांचा शब्द खाली पडत नाही," शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून म्हणाली.

माझी बायको सहा नंबरला होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तीन-चार दिवसांत घरी जायची. मीच बाबांना हात जोडले. "आमच्या हिलाही बघा."

ती म्हणाली, "अहो, त्यापेक्षा माझी पिशवी भरायला घ्या."

बाबांनी रुमाल फिरवला. "सावली निघालीय. पण मी अडवीन."

अकरा नंबरच्या ट्रकड्रायव्हरने मात्र त्यांना पिटाळलं. "आधी तो रुमाल धुऊन आणा! माझ्या गाडीचं फडकं याहून बरं."

आम्ही सगळ्यांनी त्यालाच गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी हिला जुलाब लागले. मी बाबांच्या पाया पडलो. खरं बोलले म्हणून.

मग लॅबवाल्या बाई आल्या. गेलेल्या दोघांच्या जुलाबाचे नमुने त्यांच्याकडे होतेच. बाकीच्यांचे घेतले आणि रुमालही मागितला.

"घ्या की," बाबा ऐटीत म्हणाले. "सॅनिटायझरमध्ये भिजवलेला असतो. सावली त्याला शिवत नाही."

दहा दिवसांनी मी हिचे कागद न्यायला गेलो, तेव्हा बाईंनी बाबांना आणि नातेवाइकांना बोलावलं होतं. टेबलावर एक फोटो होता. त्यावर आडव्या रेघांचे सात रकाने.

"एकेका रकान्यात एकेका नमुन्यातल्या जंतूचा ठसा आहे. जंतू एकाच घराण्यातले असले की रेघा जुळतात."

मला अक्षरं उशिरा आली. पण हे वाचायला अक्षरं लागली नाहीत. पाच रोगी आणि सहावा रुमाल, सगळ्यांच्या रेघा सारख्या. सातवा रकाना तेवढा वेगळा.

"हा कुणाचा?"

"ड्रायव्हरचा. त्यालाही जुलाब झाले. पण त्याचा जंतू दुसरीकडचा. त्याला रुमाल लागलाच नव्हता."

"पण सॅनिटायझर?" सुनेने विचारलं.

"हा जंतू कवच घालून बसतो. सॅनिटायझरने मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले, तर धुऊन जातो. त्यात अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेलेले असले, की याला रान मोकळं."

"म्हणजे बाबांना सावली दिसत नव्हती?"

"नाही. ते ती पोचवत होते."

बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात रुमाल नव्हता.

पाचवा रकाना हिचा होता. ती जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते. पिशवी भरलेली तशीच आहे.

पाया पडताना मी एवढंच विचारायला हवं होतं: बाबा, हा रुमाल आधी कुणाच्या हाताला लागला? तुम्ही विचारा. समोर कुणीही असो, विचारा. आणि रोग्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.