लांबीच्या दोन काचा

इस्पितळाच्या धुलाईघरामागे बॉयलरची खोली होती आणि तिथे गेली चौदा वर्षं मावशींचं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर एक पत्र्याची खुर्ची, एक तेलकट फडकं, खिळ्यांना टांगलेले नट आवळायचे पाने आणि मधोमध हत्तीच्या पिल्लाएवढा म्हातारा बॉयलर. पण त्याच्या वाफेवाचून एकही चादर वाळत नव्हती की इस्त्री होत नव्हती, म्हणून आल्यागेल्यावर डाफरणारे इस्त्रीवाले भाऊसुद्धा मावशींशी जरा जपून बोलत.

मावशींना एक मैत्रीण होती. दूरच्या देशात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तीही बॉयलरच सांभाळायची. सहा वर्षांपूर्वी बॉयलरवाल्यांचं महिनाभराचं शिबिर झालं, त्यात बावीस पुरुष आणि या दोघी. एकीला दुसरीची भाषा औषधालाही येत नव्हती. तरी महिनाभर दोघी सख्ख्या जावांपेक्षा बऱ्या नांदल्या. भांडायचीच सोय नव्हती ना. ती मावशींपेक्षा हातभर उंच, म्हणून मावशींनी तिला नाव ठेवलं लांबी. तिनेही यांना काहीतरी नाव ठेवलं असणारच.

शिबिरातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात पाना दिला होता. बॉयलरच्या गर्जनेत बोललेलं ऐकू जात नाही, तेव्हा तोंड बंद ठेवा आणि पाइपवर पाना वाजवा. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे वाफ सोड. तीन म्हणजे कशाला हात लावू नकोस, आग बंद कर आणि बाहेर पड. दोघींना मिळून एवढीच काय ती भाषा येत होती.

पुढे मावशींच्या लेकीने फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली आणि लिहिणं सुरू झालं. "तुझ्या सासूच्या गुडघ्यांना माझे आशीर्वाद," असं लांबीकडून यायचं आणि लेक पोट धरून हसायची.

"आई, तुझंही तिकडे असंच काहीतरी पोचत असेल," ती म्हणाली. "पाठवण्याआधी उलटं करून वाचत जा, नाहीतर एखाद्या दिवशी भलतंच जाईल."

तेव्हापासून मावशी प्रत्येक ओळ तिकडच्या भाषेत नेत, परत आपल्या भाषेत आणत, आणि जुळली तरच धाडत. भाषेची त्यांनी अशी धास्ती घेतली होती. बाकी कशाची घ्यायला हवी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास लांबीचा निरोप आला. "काचेत पाणी दिसत नाही. साहेब रजेवर आहेत. इशाऱ्याची शिट्टी त्यांनीच काढून ठेवली आहे. आग चालू आहे. तू असे झाले की काय करतेस?" खाली एक फोटो होता, पण तो अजून उमटत होता.

मावशींना हसूच आलं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या उभ्या काचेत दिसतं, आणि त्यांच्या इथलं पाणी इतकं जड की ती काच आठवड्यातून चारदा क्षाराने तुंबायची. मग काचेत पाणी दिसेना, आत मात्र भरपूर. मावशी पंपाचा खटका हाताने दाबत, पाण्याच्या जोराने काच मोकळी होई आणि दोन मिनिटांत पाणी दिसू लागे. कधी चुकलं नव्हतं. त्यांनी भराभर लिहिलं, "घाबरू नकोस. माझ्याकडे रोजचंच आहे. काच तुंबते. पंप हाताने चालू कर, पाणी दिसेल." उलटं करून वाचलं. शब्द न शब्द बरोबर होता. त्यांनी निरोप धाडला, लांबीने वाचल्याची खूण आली, आणि मागोमाग उभा अंगठाही आला.

मग फोटो उमटला.

लांबीच्या बॉयलरला दोन काचा होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही कोरड्या.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. एक काच तुंबते, मान्य. दोन्ही काचा एकाच वेळी तुंबत नाहीत. लांबीच्या बॉयलरमध्ये पाणीच नव्हतं, खाली आग धडधडत होती आणि आतले पत्रे लाल झाले असणार. अशा बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर तो भिंत, छप्पर आणि समोरचं माणूस घेऊन फुटतो. भाषा चुकली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकताना बाईच चुकली होती. तिने आपल्या बॉयलरचं उत्तर दुसऱ्याच्या बॉयलरला दिलं होतं.

"थांब. पंप लावू नकोस." या वेळी उलटं करून बघितलं नाही. निरोप गेला, पण वाचल्याची खूण येईना. लांबी फोन ठेवून पंपाकडे निघाली असेल. मावशींनी सरळ फोन लावला.

घंटी वाजत राहिली आणि मग उचलली गेली. मागे बर्नर गरजत होता. सहा वर्षांनी लांबीचा आवाज आला, आणि तो खुशीतला होता.

"अगं थांब! पाणी सोडू नकोस, आग बंद कर!"

लांबी हसून काहीतरी लांबलचक बोलली. मावशींचा आवाज ऐकून तिला आनंद झाला होता, एवढंच त्यात कळत होतं. मग फोन लोखंडावर ठेवल्याचा खण्ण आवाज आला आणि पावलं लांब जाऊ लागली.

आता शब्दांचा उपयोग नव्हता. त्यांनी खिळ्यावरचा सगळ्यांत मोठा पाना ओढला, फोन पाइपाला टेकवला आणि सगळा जीव एकवटून मारलं. एक, दोन, तीन. थांबून परत तीन. हात झिणझिणला, पाइपाचा रंग उडाला, आणि त्या मारतच राहिल्या.

मग त्या ऐकू लागल्या. बर्नर अजून गरजत होता. आता धडाका होईल आणि तो आपल्याला या फोनमधून ऐकावा लागेल, या विचाराने मावशींनी डोळे मिटून घेतले.

बर्नर बंद झाला. इतकी शांतता पसरली की तिकडे कुठेतरी गळणारा थेंबही ऐकू आला. मग लोखंडावर ठोका पडला. एकच.

मावशी जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

तासाभराने निरोप आला. "खटक्यावर बोट ठेवले होते, तेवढ्यात लोखंडावरच्या फोनमधून ठोके आले. तू मला वाचवलेस, छोटे."

छोटी. हे नाव होतं तर. मावशींना ते वाचून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांनी लिहिलं, "वाचवलं नाही गं. मीच तुला मारायला निघाले होते. मी फोटो न बघता बोलले." आणि तसंच धाडून दिलं.

मग त्या उठल्या. त्यांच्या बॉयलरची एकुलती एक काच पुन्हा कोरडी दिसत होती. हात सवयीने पंपाच्या खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चौदा वर्षं काच तुंबलेलीच आहे, हे त्यांनी न बघता ठरवलं होतं. दर वेळी खरं निघालं, एवढंच. जोडीला दुसरी काच नव्हती आणि खोटं निघालं असतं तर सांगायला कुणी उरलं नसतं.

त्यांनी बर्नर बंद केला. पाना उचलून पाइपवर तीन ठोके दिले.

त्या दाराकडे वळल्या तोच इस्त्रीवाले भाऊ दारात आले. "मावशी, वाफ उतरतेय! आणि ही ठोकाठोक कसली?"

"बाहेर व्हा," मावशी म्हणाल्या. "आज चादरी ओल्या राहतील."

भाऊ तसेच मागे सरले. मावशी त्यांच्या मागोमाग बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि बॉयलर निवायची वाट बघत भिंतीशी उभ्या राहिल्या.