वांग्याच्या रंगाची सायकल

मिसाए किताओकाने उभ्या जन्मात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली होती, आणि ती म्हणजे वांग्याच्या रंगाची सायकल. जांभळा म्हटलं की रंगवाले वाटेल ते फासतात, म्हणून साकाईच्या बाजारातून तिने एक टपोरं ताजं वांगं नेलं, ओगिनोच्या दुकानात कानशींच्या शेजारी ठेवलं आणि सांगितलं, "हा रंग." ओगिनोने वांगं खिडकीपाशी धरून फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

ओगिनो माणसाच्या मापाने सायकली घडवायचा. पोलादी नळ्या कापायच्या, पितळेने सांधायच्या, कानशीने घासून सांधा दिसेनासा करायचा. शर्यतीतली पोरं त्याच्याकडे महिनोन्‌महिने वाट बघत. मिसाए पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा त्याला वाटलं, ही पंक्चर काढायला आली असेल. तसं वाटण्यासारखंच होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात वल्ह्याएवढ्या पळीने सूप ढवळून ढवळून खांदे रुंद झालेले, आणि बाहेर लावलेली तिची जुनी सायकल, पुढे भली मोठी टोपली असलेली. पुढे मुलगी, मागे तांदूळ, हँडलला कांद्याची पात लटकवून तिने त्याच सायकलवर संसार ओढला होता.

मग एक दिवस यामातो नदीच्या बांधावर पांढऱ्या केसांची एक बाई बारीक चाकांच्या, वाकड्या हँडलच्या सायकलवरून आली, "जरा बाजूनं जाते हं" म्हणाली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. मिसाए मुळ्याची पिशवी सांभाळत जागच्या जागी थांबली. तिला राग आला होता. त्या बाईचा नव्हे, मुळ्यांचा. नोकरीतून सुटले की अशीच घेणार, आणि अवाजी बेटाला समुद्राच्या कडेकडेने फेरी मारणार, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

ओगिनोने तिचे पाय मापले, हात मापले, खांदे मापले. मग विचारलं, लांब जायचंय की जोरात? असला प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, दोन्ही. म्हातारा हसला आणि तिला तो फार आवडला. सायकलच्या आडव्या नळीवर मालकाचं नाव बारीक अक्षरांत लिहायची त्याची रीत होती. तिने 'मिसाए' सांगितलं. नुसतं मिसाए, आडनाव नको.

सायकल आणायच्या दिवशी तिच्या आधी तिचा नवरा बूट घालून तयार. तात्सुओ एरवी तिच्याबरोबर कोपऱ्यावर भाजीलाही येत नसे, आणि आज गळ्यात कॅमेरा. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट बरं वाटलं. नंतर तिला सगळ्यात जास्त चीड आली ती या बरं वाटण्याची.

ओगिनोने सायकलीवरची चादर ओढली. खाली लालभडक सायकल उभी होती. पुढे टोपली.

"ही कुणाची?" मिसाएने विचारलं.

ओगिनो तात्सुओकडे बघायला लागला. तात्सुओ कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "तुझीच की, आई. साठीला लाल. काय, कशी वाटली गंमत?"

साठी भरली की लाल टोपी, लाल बंडी घालून मध्ये बसायचं आणि घरच्यांनी फोटो काढायचे, माणूस फिरून बाळ झालं म्हणून कौतुक करायचं. मिसाएने नव्या वर्षाच्या जेवणातच बजावलं होतं की मला लाल काही आणू नका. मी बाळबीळ झालेली नाही, गावभरची बाळं जेवू घालून आत्ता कुठे मोकळी होतेय. सगळे हसले होते. तात्सुओ सगळ्यांत जास्त हसला होता. हसलेलं त्याच्या लक्षात राहिलं, सांगितलेलं राहिलं नाही.

मग एकेक बाहेर आलं. रंग चढवण्याआधी सगळं पक्कं करून घ्यावं म्हणून ओगिनोने फोन केला होता, तो घरी. मिसाए शाळेत होती, फोन तात्सुओने उचलला. वांग्याचा रंग कसला घेऊन बसलात, लाल करा, असं त्याने सांगितलं. शिवाय टोपली लावा, बाजारात बरी पडेल. आणि हिला बोलू नका, तोंड बघायचंय मला हिचं. यात त्याच्या पोटात काही पाप नव्हतं, हे मिसाएला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती जास्त पेटली. पाप असतं तर सरळ भांडता आलं असतं. या प्रेमळपणाशी भांडायला गेलं की भांडणाराच वाईट ठरतो, आणि ती आजवर दर वेळी वाईट ठरायचं टाळत आली होती.

"मला का नाही विचारलंत?" ती ओगिनोला म्हणाली.

"फोन केला होता की, वहिनी. मालकांनी सांगितलं. मला वाटलं, तुमचं आपसांत बोलणं झालं असेल."

"फोन घराला केलात. माप काय घराचं घेतलं होतंत?"

ओगिनो हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

"आणि माझं वांगं कुठाय?"

"खारवून खाल्लं," तो खाली बघत म्हणाला. "गोड होतं."

एवढ्यावरही तिने कदाचित गिळलं असतं. गिळायची सवय होती. रंग काय, दिसेल तसा दिसेल. टोपली काय, काढता येते. ती पुढे झाली, आडव्या नळीवर तिने हात ठेवला, आणि बोटाखाली अक्षरं लागली. पांढऱ्या रंगात, सुबक, बारीक. 'आई'.

फोनवर ओगिनोने नाव पुन्हा विचारलं तेव्हा तात्सुओने घरात तो तिला जी हाक मारतो तीच सांगितली होती. लग्नाआधी तो तिला ऑफिसात माहेरच्या आडनावाने यासुई-सान म्हणायचा. लग्न झाल्यावर नुसतं 'अगं'. मुलगी झाल्यावर 'आई'. सगळ्या गल्लीत हेच चालतं, तीही त्याला बाबाच म्हणते. पण मुलगी लग्न करून नागोयाला गेली, आई-बाबा म्हणायला घरात कुणी उरलं नाही, तरी तो म्हणतच राहिला. मिसाएने आठवून पाहिलं. या माणसाने तिचं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं.

"पाना द्या," ती ओगिनोला म्हणाली. "आणि पॉलिश पेपर. जाडा."

टोपली तिने स्वतः खोलली आणि तात्सुओच्या हातात दिली. मग ती नळीवर पॉलिश पेपर घासायला लागली. तात्सुओ म्हणाला, अगं, नवी कोरी आहे, वेड लागलं का. ओगिनो म्हणाला, राहू द्या इथंच, मी फुकट रंगवून देतो.

"रंगवालच," ती घासता घासता म्हणाली. "वांग्याच्या रंगात. पण नंतर. आज मी हिच्यावरनं जाणार आहे."

पळी ढवळलेले हात होते. आधी अक्षरं गेली, मग लाल गेला, मग खालचा रंग गेला आणि पोलाद उघडं पडलं. ती सायकल घेऊन रस्त्यावर आली आणि बसली. हात पडायला हवेत तिथेच हात पडले, पाय पुरायला हवेत तितकेच पाय पुरले. जन्मात कुठलीही गोष्ट तिला अशी बेताची बसली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं. ओगिनोची तिच्या मापात बोटभरही चूक झाली नव्हती, आणि तिचं नाव मात्र तो दुसऱ्याला विचारायला गेला.

चौकात सिग्नल लागला. मागून हाक आली, "आई, अगं आई." कडेवर पोराला घेऊन उभी असलेली एक बाई वळली. मिसाए वळली नाही. तात्सुओ धापा टाकत शेजारी येऊन उभा राहिला, टोपली पोटाशी धरून.

"टोपली राहिली," तो म्हणाला.

"तात्सुओ." तो दचकला. "माझं नाव घे."

"इथं? लोक बघतायत."

"घे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नाव त्याला ठाऊक होतं, कागदावर लिहिताना तो कधी चुकला नव्हता. तोंडात ते येत नव्हतं. सिग्नल सुटेपर्यंत थांबायचं असं तिने ठरवलं होतं, आणि थांबली होती तोवर तिला खरोखर वाटत होतं की त्याने ते घ्यावं. कसंही, पुटपुटत, चोरून का होईना.

सिग्नल हिरवा झाला.

"टोपली तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "येताना कांदे आण."

तिने पॅडलवर जोर दिला. सायकल सुटली, दुकानं मागे पडली, नदीचा बांध दिसायला लागला. मागून पुन्हा हाक आली, "आई." तिने ओ दिली नाही. त्या नावाचं कुणी या सायकलवर नव्हतं.