इंजिनात गिअरचं तेल

मिस्त्रीने बोनेट उघडलं, तेलाची पट्टी बाहेर ओढली आणि त्याला शिसारी आली. तशी तेलाची शिसारी त्याला यायचं काही कारण नव्हतं; उभा जन्म तेलात गेला होता. पण हे तेल पट्टीवरून गळेचना, नुसतं लोंबत राहिलं. त्याने वास घेतला. गिअरबॉक्सचं तेल! इंजिनात! तापाने फणफणलेलं पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसलाच हा प्रकार.

आणि हे करणारा हलकट कोण, ते शोधायला लांब जायला नको होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली बोटावर गरगर फिरवत तो समोरच उभा होता. मिस्त्रीचा सख्खा धाकटा भाऊ. जुन्या गाड्या विकणं हा त्याचा धंदा, आणि गोड बोलणं हे त्याचं भांडवल.

"काय म्हणताय मिस्त्री? ठणठणीत आहे ना?" धाकटा म्हणाला.

मिस्त्री म्हणे! आयुष्यभर 'दादा, दादा' करत मागे लागणारा हा, आज गिऱ्हाइकासमोर नातं कळू नये म्हणून 'काय म्हणताय मिस्त्री'! मिस्त्रीला वाटलं, पान्हा उचलावा आणि नातं चांगलं समजावून सांगावं.

पण सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. "धाकटा गिऱ्हाईक घेऊन येतोय. त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, त्या गाडीबद्दल तोंडातून वाईट अवाक्षर काढायचं नाही." धाकट्याने आधीच तिच्याकडे जाऊन डोळ्यांत पाणी आणलं असणार. लहानपणापासून त्याच्या डोळ्यांना नळच बसवलाय.

गिऱ्हाईक मात्र साधं दिसत होतं. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, हळू आवाज. "माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतोय हो," ते म्हणालं. "एकटी आहे बिचारी. मुलाला उपचाराला न्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा. ती म्हणते, तुम्ही चांगली म्हणालात तरच गाडी घेणार. तुमचं नाव ऐकलंय तिने."

झालं! आजारी पोराला घेऊन ती बाई भर रस्त्यात अडकलेली मिस्त्रीला स्पष्ट दिसायला लागली. जुन्या इंजिनाला तेल कोणतं घालावं, यात काही जादूटोणा नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं घालावं. फारच झिजलं असेल तर एक पायरी जाड. बस्स. त्याहून जाड घातलं की खिळखिळ्या बेअरिंगचा आवाज दबतो, धूर लपतो आणि विकणारा सुटतो. आत मात्र ते तेल वेळेवर वर चढत नाही, आणि कोरडं इंजिन स्वतःलाच खात सुटतं.

तोंड बांधलेलं होतं. हात तर मोकळे होते ना!

"साहेब, तेल बदलून देतो," मिस्त्री म्हणाला. "माझ्याकडून. ताईंना भेट समजा."

धाकट्याची किल्ली बोटावरच थांबली. "कशाला उगाच? नवीनच आहे तेल."

"असू दे की. चांगल्या कामाला नाही म्हणू नये."

त्याने खाली ट्रे सरकवला आणि बोल्ट काढला. तो चिकट गाळ संथपणे उतरत राहिला. मग डब्यातलं योग्य तेल, त्या इंजिनाला पुस्तकात सांगितलेलं, मोजून ओतलं, धाकट्याच्या बोटावरची किल्ली काढून घेतली आणि फिरवली. थोडा वेळ गेला. इंजिन तापलं आणि बोलायला लागलं. ठक. ठक. ठक ठक ठक. मागून निळा धूर असा निघाला की शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं.

मिस्त्रीने शपथ पाळली. अवाक्षर काढलं नाही.

गिऱ्हाइकाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावेल, धाकट्याची गचांडी धरेल, असं मिस्त्रीला वाटत होतं. मनातून तो त्याचीच वाट बघत होता. पण गिऱ्हाईक शांतपणे धाकट्याला म्हणालं, "आता निम्म्या किमतीत द्या." आणि मिस्त्रीकडे वळून, "ते आधीचं तेल परत भरता येईल का हो? त्याने आवाज येत नव्हता."

"काय?"

"तिला काय कळतंय त्यातलं! गाडीच्या बदल्यात वडिलांच्या घरातला हिस्सा सोडायला तयार झालीय. सह्या होईपर्यंत चालली म्हणजे झालं. तुम्ही फक्त फोनवर 'चांगली आहे' म्हणा. तुमचंही बघू आपण."

धाकटा खुदकन हसला. दोन शेजारी भेटावेत तसे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मिस्त्रीच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. एकाने रांधलं, दुसरा वाढायला निघालाय, आणि ताट कुणापुढे? तर सख्ख्या बहिणीपुढे! थू तुमच्या जिनगानीवर! आणि आईची शपथ? असल्या घाणीवर झाकण घालायला शपथा असतील, तर त्या खड्ड्यात जाऊ देत.

"लावा फोन," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाने खुशीत फोन लावून हातात दिला.

"ताई, मी मिस्त्री बोलतोय. गाडी खलास आहे. विकणारा माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याने लबाडी केलीय. तुमच्या भावाला ती कळलीय, तरी तो तीच गाडी तुमच्या गळ्यात मारतोय. सही करू नका."

"अहो!" गिऱ्हाईक फोनवर झडप घालायला गेलं. मिस्त्रीने तेलकट पंजा त्याच्या छातीवर ठेवून त्याला लांब धरलं.

पलीकडून ती म्हणाली, "ऐकवा मला आवाज."

त्याने फोन इंजिनाजवळ धरला. ठक ठक ठक. परत कानाला लावला.

"भाऊ तिथेच आहे का?"

"आहे."

"मग सांगा त्याला," ती म्हणाली, "घर मला नकोच होतं. त्याने नुसतं तोंडाने मागितलं असतं ना, तर फुकट सोडलं असतं मी. आता त्यातली एक वीटसुद्धा सोडणार नाही."